कोकणात राहायला जाण्याआधी

कोकणातली जमीन बहुतेक जण डिसेंबर-जानेवारीत पाहतात. हवा कोरडी, आंब्याला मोहर, नदीत घोट्याएवढे नितळ पाणी, रस्त्यांवरचे खड्डे नुकतेच बुजवलेले. मुंबई-पुण्याहून आलेले जोडपे प्लॉट पाहते, एजंट समोरचा डोंगर आणि लांबवर चमकणारी खाडी दाखवतो आणि संध्याकाळच्या चहापर्यंत टोकनची रक्कम ठरते. २०२० नंतर घरून काम करण्याची सोय झाली, तेव्हापासून या गर्दीत निवृत्तांच्या जोडीला पस्तिशी-चाळिशीतली माणसेही आली आहेत. त्यांना शनिवार-रविवारपुरते घर नको, कायमचे बिऱ्हाड हलवायचे आहे. त्यांच्या इच्छेत गैर काही नाही. पण ज्या चार महिन्यांत या प्रदेशाचे खरे रूप दिसते, ते चार महिने वगळून गाव निवडले जाते.

पावसाचा विचार कोणी करतच नाही असेही नाही. 'तिथे पाऊस फार असतो ना?' हा प्रश्न हमखास विचारला जातो आणि आकडे सांगितलेही जातात. पुण्यात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, रत्नागिरीत तीन हजारांच्या वर आणि आंबोलीत सात हजारांच्या आसपास. ऐकणारा मनाशी हिशेब मांडतो की जितका पाऊस जास्त तितका धोका जास्त. हा हिशेब चुकीचा आहे. सुमारे ६९० मीटर उंचीवर घाटमाथ्यावर बसलेल्या आंबोलीच्या बाजारात पुराचे पाणी शिरल्याचे कोणी सांगत नाही. तिच्या निम्माच पाऊस पडणारे चिपळूण मात्र वारंवार बुडते.

पावसाचे प्रमाण सांगते ते त्रासाचे. भिंतींना ओल येईल, कपाटातल्या चामड्याच्या चपलांवर बुरशी चढेल, कपडे आठवडाभर वाळणार नाहीत, स्लॅबवर पत्र्याची शेड घालावी लागेल, पश्चिमेची झड अडवायला पडवी काढावी लागेल, लाकडाला वाळवी लागेल. हा त्रास खरा आहे. त्याला कंटाळून परत गेलेली माणसेही आहेत. पण त्यावर पैसे आणि सवय हे दोन उपाय चालतात. धोका वेगळा. तो पडलेले पाणी कोणत्या वाटेने, किती वेळात आणि कोणत्या अडथळ्यांतून समुद्राला मिळते यावर ठरतो. दोन गावांचा पाऊस सारखा असूनही एक सुरक्षित आणि दुसरे असुरक्षित असते ते यामुळेच.

चिपळूण, महाड, खेड, राजापूर, संगमेश्वर ही नावे घ्या. या जुन्या बाजारपेठा आहेत आणि पुराच्या बातम्यांतही हीच नावे पुन्हा पुन्हा येतात. यात योगायोग नाही. रस्ते नव्हते तेव्हा माल गलबतांतून खाडीने आत यायचा. भरतीचे पाणी जिथवर पोचते तिथे तो उतरायचा आणि तिथून बैलांच्या पाठीवर घाट चढायचा. पेठ वसली ती नेमकी या सांध्यावर. म्हणजे एका अंगाने सह्याद्रीवरून धो धो उतरणारी नदी आणि दुसऱ्या अंगाने वर चढणारी भरती, या दोहोंच्या मध्ये. वर बहुतेक ठिकाणी दोन नद्यांचा संगम: चिपळूणला वाशिष्ठी आणि शिव, महाडला सावित्री आणि गांधारी, राजापूरला अर्जुना आणि कोदवली, संगमेश्वराला शास्त्री आणि सोनवी. व्यापाराला जी जागा सर्वांत सोयीची होती, तीच पाण्याला सर्वांत अडचणीची आहे. आता गलबते गेली, खाड्या गाळाने भरल्या आणि नदीकाठची भातशेती भर टाकून बांधकामाखाली आली. पाणी मात्र पूर्वीइतकेच उतरते.

२२ जुलै २०२१ रोजी काय घडले ते या नकाशावर ठेवून पाहावे. त्या दिवसाच्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. सावित्री तिथेच उगम पावते, म्हणजे त्यातला एक वाटा महाडच्या दिशेने उतरणारा. गुरुपौर्णिमा एक-दोन दिवसांवर आली होती, त्यामुळे भरती उधाणाची. वाशिष्ठीच्या खोऱ्यातही तशीच अतिवृष्टी सुरू होती. पहाटेपासून चिपळुणात पाणी चढत गेले आणि बाजारपेठेत दुकानांचे तळमजले अख्खे बुडाले. एसटी आगाराच्या प्रमुखांनी आगाराची लाखोंची रोकड जवळ घेऊन एका गाडीच्या टपावर तासन् तास काढले, कारण आगारात कोरडी राहिलेली जागा तेवढीच होती. १८६४ साली स्थापन झालेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराने २००५ च्या पुरात आपली पुस्तके गमावली होती. सोळा वर्षांनी पाण्याने तिथे पुन्हा हात मारला. शहरात त्या दिवशी पडलेल्या पावसाच्या आकड्यावरून या विध्वंसाची कल्पना करता येत नाही. बुडवणारे पाणी बरेचसे डोंगरातून आले होते आणि खालून समुद्राने त्याची वाट अडवली होती.

चिपळूणच्या बाबतीत आणखी एक पेच आहे. कोयना धरणाचे पाणी वीजनिर्मितीसाठी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला वळवले जाते. लवादाने त्यासाठी वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घालून दिलेली आहे. पोफळी, अलोरे, कोळकेवाडी या टप्प्यांवर वीज तयार झाली की हे पाणी वाशिष्ठीत येते. त्यामुळे वाशिष्ठी उन्हाळ्यातही वाहती असते आणि एप्रिलमध्ये प्लॉट पाहायला आलेल्या माणसाला ती भुरळ घालते. पूर आला की कोळकेवाडीतून किती पाणी कधी सोडले, यावर मात्र वाद पेटतो. घर घेणाऱ्याने त्यात पंच होण्याची गरज नाही. आपल्या नदीच्या वरच्या अंगाला कोणते धरण आहे, ते कोणाच्या ताब्यात आहे आणि पाणी सोडण्याची सूचना गावापर्यंत कशी पोचते, एवढे त्याला ठाऊक असले पाहिजे. लहान धरणांबद्दलही हेच. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले आणि वीसच्या आसपास माणसे वाहून गेली. बाहेरच्या कोणी त्या धरणाचे नावही त्याआधी ऐकले नसेल.

अशा शहरांसाठी पाटबंधारे खाते पूररेषा आखते. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई, निळी आणि लाल यांच्यामध्ये निर्बंध. चिपळुणात या रेषा आखल्या गेल्या, तेव्हा शहराचा मोठा भाग त्यांच्या आत आला आणि स्थानिकांनी कडाडून विरोध केला. आधी नद्यांतला गाळ काढा, मग रेषा मारा, हे त्यांचे म्हणणे होते आणि त्यात तथ्य होते. ज्याचे घर-दुकान पिढ्यान्‌पिढ्या तिथे आहे, त्याला ती रेषा शिक्षेसारखी वाटणारच. नव्याने येणाऱ्याची गोष्ट वेगळी. त्याचे तिथे अजून काहीही अडकलेले नाही, म्हणून त्या रेषेचा सर्वांत जास्त उपयोग त्यालाच आहे.

'शंभर वर्षांतून एकदा' हे शब्द ऐकून लोक निर्धास्त होतात. साधे गणित करून पाहावे. पंचावन्नाव्या वर्षी घर घेतले आणि ऐंशीपर्यंत राहायचे ठरवले, तर ती पंचवीस वर्षे झाली. त्या काळात लाल रेषेपर्यंतचे पाणी निदान एकदा येण्याची शक्यता सुमारे २२ टक्के निघते आणि निळ्या रेषेपर्यंतचे येण्याची सुमारे ६४ टक्के. पाचात एक शक्यता असलेल्या आजारावर आपण आजच तपासणी करून घेऊ. घराच्या बाबतीत मात्र 'बघू तेव्हाचे तेव्हा' म्हणतो. शिवाय हे गणित जुन्या नोंदींवर उभे आहे. कमी वेळात जास्त पाऊस कोसळण्याचे प्रकार वाढत असताना जुन्या नोंदी दिलासा देणाऱ्या बाजूलाच चुकणार. चिपळूण-महाडने २००५ आणि २०२१ असे दोन महापूर सोळा वर्षांत पाहिले आहेत.

मग उंचावर जाऊ, असे सुचणे साहजिक आहे. एजंटही तेच सुचवतो आणि 'व्ह्यू' म्हणून त्याचे जादा पैसेही घेतो. पण कोकणातल्या उताराला स्वतःची घडण आहे. बऱ्याच ठिकाणी वर सच्छिद्र जांभा, त्याखाली शेडी मातीचा चिकट थर आणि त्याच्याही खाली काळा कातळ. पावसाचे पाणी जांभ्यातून झरझर खाली झिरपते, शेडीपाशी अडते आणि तिथेच साचून राहते. झड लागून दोन-चार दिवस उसंत मिळाली नाही, की वरचा सगळा भार या निसरड्या थरावर तरंगू लागतो. अशा वेळी उताराचा पायथा कोणी कापलेला असेल, तर त्याला धरून ठेवणारे काही उरत नाही. रस्त्यासाठी, चिरेखाणीसाठी किंवा बंगल्याची जागा सपाट करण्यासाठी जेसीबी लावला जातो तो बहुतेक वेळा नेमका पायथ्याशीच.

२६ जुलै २००५ ला देशाचे लक्ष मुंबईच्या ९४४ मिलिमीटरवर होते, तेव्हा महाड तालुक्यात दासगाव, जुई अशा गावांवर दरडी कोसळून शंभरहून अधिक माणसे गेली. २२ जुलै २०२१ ला त्याच तालुक्यात तळिये गावावर डोंगर आला आणि ऐंशीहून अधिक बळी गेले. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी गाडली गेली. दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत तिचे नाव नव्हते. या शेवटच्या गोष्टीचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. यादीत नाव असेल तर तिथे घर घेऊ नये हे उघड आहे. नाव नसले म्हणून जागा सुरक्षित ठरत नाही. 'आमच्या आजापणज्यापासून इथे काही झालेले नाही' हा पुरावाही अपुरा आहे, कारण तळिये आणि इर्शाळवाडीच्या लोकांनाही तसे म्हणता आले असते. डोंगर स्वतः काही खुणा देतो. झाडांचे बुंधे एकाच बाजूला कललेले दिसतात, कुंपणाचा गडगा मध्येच फुगतो, जमिनीला आडव्या भेगा पडतात, जिथे कधी झरा नव्हता तिथे गढूळ पाणी फुटते. या खुणा जुलैत दिसतात. डिसेंबरात भेगा बुजलेल्या असतात आणि गवत कापलेले असते.

नदीकाठ नको, उतारही नको, तर उरतो सडा. जांभ्याचे हे विस्तीर्ण माळ पुरापासून सुरक्षित असतात आणि दरडीपासूनही बरेचसे. इथला प्रश्न उलटा असतो. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटर पाणी अंगावर घेणाऱ्या वाड्यांना एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट पाहावी लागते. कातळावर माती वीतभर, ती पाणी धरत नाही; जे मुरते ते उताराच्या पोटातून निसटून जाते. एजंटने दाखवलेली तुडुंब विहीर जानेवारीची असते. तीच विहीर मेच्या तिसऱ्या आठवड्यात पाहावी आणि शेजारच्या घरी पाणी कोण, कुठून, किती वाजता भरते ते विचारावे. दापोली सुमारे २४० मीटर उंचीवर आहे, मोठ्या नदीच्या तोंडी नाही, कृषी विद्यापीठामुळे गावाला वर्दळ आणि शहाणपण दोन्ही आहे. निवडीला ते वाईट गाव नाही. तरी ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात दापोली-मंडणगड-श्रीवर्धन पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या आणि कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. सर्व बाजूंनी निर्धोक असे गाव कोकणात नाही. आपल्याला कोणता धोका झेपेल आणि कोणता झेपणार नाही, एवढेच ठरवता येते.

ते वयावर आणि प्रकृतीवर अवलंबून असते. म्हणून रस्ता आणि दवाखाना हे प्रश्न पाण्याइतकेच मोठे आहेत. मुंबई-गोवा महामार्गाचे चौपदरीकरण २०११ पासून सुरू आहे. परशुराम घाट दरडींमुळे बंद ठेवावा लागल्याचे प्रसंग ताजे आहेत. वरंध घाट पावसाळ्यात अनेकदा बंदच असतो. कोकण रेल्वे पावसाळ्यासाठी वेगळे, धीमे वेळापत्रक लावते. जुलै २०२४ मध्ये खेडजवळ दिवाणखवटी बोगद्यापाशी दरड आली तेव्हा गाड्या जवळपास एक दिवस अडकल्या. छातीत कळ आली तर रात्री दोन वाजता, भर पावसात, लाइट गेलेली आणि मोबाइलला रेंज नसताना आपण कोणत्या रुग्णालयात आणि किती वेळात पोचू? सावंतवाडीकर गंभीर रुग्णाला गोव्यातल्या बांबोळीला नेतात, रत्नागिरीकडचे बरेच जण कोल्हापूर गाठतात, म्हणजे मध्ये आंबा घाट येतो. जिल्ह्यांत आता वैद्यकीय महाविद्यालये आली आहेत, पण तालुक्याच्या गावात हृदयविकाराचा डॉक्टर रात्री हजर आहे का, हे फोन करून विचारावे. सिंधुदुर्गात भातलावणीच्या दिवसांत लेप्टोचे रुग्ण सापडतात, दोडामार्ग-बांदा भागात माकडतापाची साथ येऊन गेली आहे. घाबरायचे कारण नाही, पण ताप आल्यावर पहिल्याच दिवशी दवाखाना गाठण्याची सोय हवी.

कागदपत्रांविषयी थोडक्यात. कुळवहिवाट कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, त्यामुळे 'नंतर बिनशेती करून देऊ' हे आश्वासन ऐकून पैसे देऊ नयेत. कोकणातल्या सातबाऱ्यावर पाच-पंचवीस हिस्सेदारांची नावे असणे नेहमीचेच; त्यातला एक मुंबईत आणि दुसरा नाशिकला असतो. प्लॉटपर्यंत येणारी पाणंद कागदावर आहे की शेजाऱ्याच्या मेहरबानीवर, हेही पाहावे. याची चौकशी चांगला वकील करून देईल. पाण्याची चौकशी कोणी करून देणार नाही, कारण ती करण्यात कोणाचाच फायदा नाही. विकणाऱ्याला विकायचे असते, ग्रामपंचायतीला घरपट्टी हवी असते आणि दुय्यम निबंधक मुद्रांक पाहतो, पूररेषा नाही.

इथे येणाऱ्याने स्वतःकडेही पाहायला हवे. तो केवळ धोक्यात सापडणारा नसतो, धोका वाढवणाराही असतो. त्याच्या बंगल्यासाठी उतार कापला जातो, त्याच्या गेटपर्यंत गाडी यावी म्हणून वहाळावर अरुंद मोरी घातली जाते, खालच्या मळ्यात भर टाकून पार्किंग होते, अंगणात फरशी बसते. जे पाणी पूर्वी गवतातून दोन तासांत झिरपत जायचे ते वीस मिनिटांत सुटते आणि खालच्या वाडीतल्या कौलारू घराच्या मागच्या दारी पोचते. पश्चिम घाटाविषयी माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०११ मध्ये दिलेला अहवाल विकासाच्या आड येतो म्हणून बाजूला सारला गेला. त्यातली प्रत्येक शिफारस कोणाला पटो न पटो, पण उतार आणि ओढे यांच्याशी खेळण्याची किंमत खालच्या माणसाला मोजावी लागते, हे त्यानंतरच्या प्रत्येक जुलैने दाखवले आहे.

करायचे काय, तर तीन गोष्टी. पहिली, गाव ठरवण्याआधी तिथे भाड्याने एक पूर्ण पावसाळा राहावे, आणि त्याआधीचा मे महिनाही. गावात भाड्याने घर मिळत नसेल तर तेही त्या गावाविषयी काही सांगतेच. दुसरी, प्रश्न बदलावेत. 'पूर येतो का?' असे विचारले तर 'नाही हो, आमच्याकडे नाही' असेच उत्तर मिळते. 'दोन हजार पाचला पाणी कुठवर होते? एकवीसला कुठवर?' असे विचारले की माणूस हात वर करून भिंतीवरची जागा दाखवतो. हे प्रश्न जमीनमालकाला न विचारता औषधाच्या दुकानात, पिठाच्या गिरणीवर, महावितरणच्या वायरमनला विचारावेत. तिसरी, नकाशावर आपली जागा शोधून तिथून वर, नदीच्या उगमापर्यंत बोट न्यावे आणि मग खाली, समुद्रापर्यंत. वाटेत येणारे प्रत्येक धरण, पूल, संगम, भराव आणि चिरेखाण वहीत लिहावी. हे काम एका संध्याकाळचे आहे आणि त्यातून जे कळते ते कोणत्याही जाहिरातीतून कळत नाही.

पण सगळा भार घेणाऱ्याच्या हुशारीवर टाकणे अन्यायाचे आहे. पूररेषा आणि दरडप्रवण क्षेत्राची नोंद सातबाऱ्यावर आणि मिळकत पत्रिकेवर ठळकपणे यायला हवी, जशी बोजाची येते. बँकेचे कर्ज असलेली जमीन सरकार खरेदीदारापासून लपवू देत नाही. मग पाण्याचा बोजा असलेली जमीन कोऱ्या उताऱ्यावर का विकली जावी? ही सुधारणा खर्चिक नाही. ती झाली तर नदीकाठच्या आणि उतारावरच्या जमिनींचे भाव पडतील आणि अनेकांची गणिते बिघडतील, विरोध होईल तो त्यामुळे. तो मोडून काढण्याइतका दबाव स्थानिक माणूस एकटा आणू शकलेला नाही. शहरातून येणाऱ्या, कागद वाचू शकणाऱ्या आणि अर्ज करू शकणाऱ्या माणसांनी गावात आल्यावर पहिल्यांदा हे काम हाती घ्यावे.